माझा आगाऊ निर्णय

डेगलांचं शेत, नदीकाठ
मंगळवार, नोव्हेंबरचा पहिला आठवडा

तीर्थरूप कोलेटआत्या हिला जोसेटचा वाकून नमस्कार. वाकताना कपाळावर थोडी आठी आहे, ती का आहे ते खाली येईलच.

तुझा गुडघा कसा आहे? जिने चढू नकोस म्हणून डॉक्टरांनी सांगितलं तर तू तिसऱ्या मजल्यावरचं घर सोडायच्या ऐवजी डॉक्टर सोडलास, असं आई म्हणते. तुझ्या शेजारच्या गृहस्थांनी वाळकी पानं उडवायचं यंत्र या वर्षी तरी शनिवारी पहाटे लावायचं बंद केलं का? इकडे सर्व क्षेम आहे. बटाटे कोठारात गेले. आजोबांचा खोकला थांबला, पण खोकल्यामुळे थांबलेलं त्यांचं बोलणं पुन्हा सुरू झालं. आई बरी आहे. बाबांना तू ओळखतेसच, ते कसे आहेत हे त्यांनी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

आता मुद्दा. तुझ्या तिन्ही पत्रांच्या शेवटी एकच प्रश्न आहे, 'ठरलं का?' (तिसऱ्या पत्रात तर तेवढंच आहे, आणि खाली मांजराचा पंजा उमटवलाय. मांजराला यात ओढायला नको होतं.) तर ऐक, ठरलं आहे. कायमच ठरलेलं होतं. पोरगी सकाळी एक बोलते आणि संध्याकाळी दुसरं, अशी माझी जी बदनामी या घरात चालली आहे, ती आईच्या फोनवरून तुझ्यापर्यंत पोचलीच असणार. आई फोनवर बोलताना दार लावून घेते, आवाज लावून घेत नाही, त्यामुळे मलाही सगळं कळतं. माझं म्हणणं एवढंच आहे की मी मन बदलत नाही, मी विचार करते. एकदा विचार केला की त्याला निर्णय म्हणायचं आणि दोनदा केला की चंचलपणा, हा कुठला न्याय?

या अर्ली डिसिजनचं खूळ तुझ्या काळीही होतं म्हणे, पण तेव्हा आपल्या खोऱ्यात ते कुणाला ठाऊक नव्हतं. आता शाळेत सप्टेंबरपासून दुसरा विषय नाही. एकाच कॉलेजला नोव्हेंबरात शब्द द्यायचा, की तुम्ही घेतलंत तर मी येणारच, दुसरीकडे ढुंकून बघणार नाही. त्यांनी डिसेंबरात हो म्हटलं की आपण बांधले गेलो. घरात याला 'आगाऊ निर्णय' म्हणतात, आणि निर्णय आगाऊ की पोरगी, असं आई येताजाता विचारते. आजोबांना मी हे सगळं समजावून सांगितलं तेव्हा ते प्लॉयच्या धिरड्यावर काकवी ओतत होते. ओतणं न थांबवता म्हणाले, "म्हणजे साखरपुडाच की. मीसुद्धा आयुष्यात एकाच ठिकाणी विचारलं." त्यावर आई चुलीकडे तोंड करून म्हणाली, "दुसरीकडे विचारायला कुणी उभं केलं असतं तर ना." (सासरा-सुनेचं हे असंच चालतं. दोघांनाही त्याशिवाय घास उतरत नाही.)

ऑगस्टात आम्ही तुझं थॉर्नबी कॉलेज बघायला आलो तेव्हा तू परगावी होतीस, म्हणून तुला खरी हकिकत कळलीच नाही. आईनं सांगितली असेल ती सभ्य आवृत्ती. खरी अशी की आजोबांनी हट्टानं ट्रकमध्ये जागा पटकावली, का, तर तुला कॉलेजात सोडायला गेले होते तेव्हा त्यांना आत जाऊन बघायचं राहिलं होतं. कॉलेज दाखवायला एक पोरगा होता, गुलाबी गालांचा, आणि तो सबंध वेळ उलटा चालत होता. तोंड आमच्याकडे, पाठ रस्त्याकडे. तिथं कॉलेज दाखवणारे सगळेच असे चालतात, त्यांना तसं शिकवतात म्हणे. आजोबांनी जन्मभर यंत्रांच्या मागेपुढे काम केलेलं. उलटा चालणारा माणूस दिसला की त्यांना राहवत नाही. ते दर दहा पावलांना, "बाळ, पायरी आहे," "बाळ, खांब," असं सांगत होते. पोरगा हसून, "मला पाठ आहे आजोबा," म्हणत होता. शेवटी तो म्हणाला, "इथं प्रत्येकाला आपली माणसं सापडतात," आणि आजोबांनी अगदी मनापासून विचारलं, "मग घरी असतात ती कोण?" या प्रश्नावर तो विचारात पडला, आणि विचारात पडल्यापडल्या माळ्यानं मध्येच उभ्या केलेल्या खताच्या हातगाडीत बसला. बसला म्हणजे व्यवस्थित बसला. आजोबांनी त्याला हात देऊन उठवलं आणि पँट झटकून दिली. ते 'मी सांगत होतो' म्हणाले नाहीत, पण त्यांचा चेहरा घरी येईपर्यंत तेच म्हणत होता.

मी मात्र या गर्दीतून निसटून खाली तळमजल्यावर गेले होते. तिथं दगडांची खोली आहे. तुला माहीत असेल, किंवा नसेलही, तू फ्रेंच शिकलीस (घरी फुकट मिळत असलेली भाषा शिकायला एवढ्या लांब गेलीस, असं आजोबा अजून म्हणतात). काचेच्या कपाटांत दगडच दगड, आणि एका कपाटात आपल्या जिल्ह्यातला दगड, हिरवट, पांढऱ्या रेघेचा. अगदी तसला, जो दरवर्षी बटाटेकाढणीच्या सुट्टीत मी यंत्राच्या पट्ट्यावरून उचलून शिव्या देत बाहेर फेकते. त्याच्यापुढे मी उभी असताना एक बाई आल्या, हातात डबा, जेवायला निघालेल्या. म्हणाल्या, "आवडला?" मी म्हटलं, "आमच्याकडे याचा ढीग आहे." त्या डबा तिथेच कपाटावर ठेवून बोलायला लागल्या. समुद्राच्या तळाचा होता म्हणे तो. आपलं वरचं शेत, जिथं धाकट्या टेकाडावर ट्रॅक्टर रुततो, ते एके काळी समुद्राच्या तळाशी होतं. आत्या, मी अकरा वर्षांची असल्यापासून समुद्र उचलून बांधावर टाकतेय आणि मला कुणी सांगितलं नाही. आई मला शोधत आली तेव्हा त्या बाईंचं जेवण राहिलं होतं आणि माझं थॉर्नबी ठरलं होतं.

मग सप्टेंबरात बर्च हिल बघितलं, आणि बर्च हिल ठरलं. यात विसंगती काही नाही. बर्च हिल डोंगरात आहे, आपल्यापासून निम्म्या अंतरावर. पोरं स्वतः गाई पाळतात, स्वयंपाक करतात, आणि सरळ चालतात. आईला तिथली न्हाणीघरं इतकी पसंत पडली की ती तिथेच नाव घालायला तयार झाली. शिवाय दर महिन्याला घरी येता येईल हे तिनं वाटेत इतक्यांदा म्हटलं की शेवटी मीही मान डोलावली. आमच्या शाळेत अर्जांचं बघणाऱ्या मिशोबाई आहेत. सोमवारी त्यांना जाऊन सांगितलं, "बर्च हिल." त्यांनी माझ्या नावापुढचं थॉर्नबी खोडलं.

पण थॉर्नबीची मुलाखत आधीच ठरलेली होती, आणि दिलेली वेळ मोडणं आपल्यात नाही. मुलाखत कॉलेजचा जुना विद्यार्थीच घेतो, आणि आपल्या जिल्ह्यात थॉर्नबीला शिकलेला, तुझ्यानंतर, एकच माणूस आहे, दातांचे डॉक्टर प्रुइट. त्यांच्या बाहेरच्या खोलीला रंग लावायचं काम चाललेलं, म्हणून त्यांनी मला आत बोलावलं, आणि आत बसायला एकच खुर्ची असते ती कुठली हे तुला सांगायला नको. मी बसले. त्यांनी सवयीनं खुर्ची आडवी केली. दिवा लावला. "थॉर्नबीच का?" असं विचारलं आणि मी उत्तराला तोंड उघडलं मात्र, त्यांनी सवयीनंच आरसा आत घातला. ज्या माणसानं तीस वर्षं उत्तर देऊ न शकणाऱ्यांना प्रश्न विचारलेत, त्याला उत्तराची वाट बघायची सवय कुठून असणार. "मलाही असंच वाटलं होतं," ते म्हणाले, आणि मला कसं वाटत असेल ते सबंध त्यांनीच सांगितलं. मी दोनदा 'आ' म्हटलं आणि एकदा 'आं'. दुसऱ्या दिवशी त्यांनी आईला फोन करून आपला अभिप्राय वाचून दाखवला, की मुलगी विचारी आहे, दुसऱ्याचं ऐकून घेण्याची दुर्मीळ वृत्ती तिच्यात आहे, आणि डावीकडची खालची दाढ किडली आहे. (दाढेचं कॉलेजला कळवलं की नाही हे स्पष्ट झालं नाही.) एवढं चांगलं माझ्याबद्दल आजवर कुणी बोललं नव्हतं. मी गहिवरून मिशोबाईंकडे गेले. त्यांनी बर्च हिल खोडलं, थॉर्नबी लिहिलं, आणि शांतपणे विचारलं, "हे पेनानं लिहिलंय. यापुढे पेन्सिल घेऊ का?"

काढणीच्या सुट्टीत तर कहर झाला. त्या यंत्रावर उभं राहून खडखडाटात दिवसभर दगड-ढेकळं वेचायची, तोंडाला फडकं बांधून, आणि माझ्या डाव्या हाताला आई, उजव्या हाताला आजोबा. खाली पट्टा, वर चर्चा. आई ओरडायची, "बर्च हिलला शेकोटीची खोली आहे." आजोबा ओरडायचे, "काय?" आई पुन्हा ओरडायची. आजोबा म्हणायचे, "दाढ काढून घे." मध्ये मी. त्या दिवसांत माझा निर्णय किती वेळा फिरला असं आई तुला सांगत असेल, त्यातले निम्मे तिला नीट ऐकू आले नव्हते. पुढे ट्रॅक्टरवर बाबा. त्यांची फक्त पाठ दिसायची. त्या पाठीनं कधी मागे वळून 'हे कर' की 'ते कर' म्हटलं नाही, आणि खरं सांगू का, मला त्याचाच सगळ्यांत जास्त राग येत होता.

शेवटी सही बाबांचीच लागते. आगाऊ शब्द देताना पोराबरोबर आईबापांपैकी एकानं सही करायची असते, की आम्हाला ठाऊक आहे ही बांधली जातेय. ऑक्टोबर संपत आलेला, पावसानं कामं थांबलेली, दुपारची वेळ. बाबा स्वयंपाकघरात चष्मा लावून बसले आणि त्यांनी थॉर्नबीचा तो सगळा करार संगणकावर वाचला. माझ्या वर्गातल्या कुणाच्याही बापानं वाचलेला नाही, नुसतं बोट लावून मोकळे झाले. आमचे बाबा कारखान्याचा बटाट्याचा करार वाचतात तसा एकेक शब्द वाचत बसले.

"त्यांनी हो म्हटलं तर तुला जावं लागेल," म्हणाले.

"हो."

"नाही म्हटलं तर तू मोकळी."

"हो."

"आणि तुला मध्येच नको वाटलं तर?"

"तसं नाही करता येत, बाबा."

मग एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, त्यांनी आपलं नाव टाइप केलं. चष्मा काढला. आणि उठता उठता, जणू पावसाबद्दल बोलावं तसं म्हणाले, "खालचं शेत मी वेलेटला कसायला देतोय. बोलणं झालंय. तू नसणार, मग एवढं मला एकट्याला रेटवत नाही."

आत्या, खालचं शेत म्हणजे नदीलगतचं. तुला माहीत आहे ते कुणाचं म्हणायचे सगळे. मी चालायला लागल्यापासून 'जोसेटचं शेत' म्हणतात त्याला. ते वेलेटला, ज्याला सरळ सरी पाडता येत नाही. आणि बोलणं झालंय म्हणजे माझ्या सहीच्या आधी झालंय. मी इथं कुठल्या कॉलेजला शब्द द्यायचा म्हणून जिवाचं रान करतेय, आणि बाबांनी गुपचूप स्वतःचा आगाऊ निर्णय करून टाकला, की पोरगी जाणार आणि परत येणार नाही. मला विचारलं कुणी? दगड शिकायला जाणारी बाई शेत विसरते, हे कुठल्या करारात लिहिलंय? मी जाऊन कोठाराचं दार आपटलं. (ते सरकतं दार आहे, नीट आपटता येत नाही. त्यानं राग आणखी वाढला.) अर्ज मात्र तोवर गेला होता, मिशोबाईंनी त्याच दुपारी पाठवून दिला.

म्हणून आता शेवटचं आणि पक्कं सांगते, आणि तुला राग आला तर येऊ दे. मी तुझ्या थॉर्नबीला दिलेला शब्द मागे घेतेय. बाबांना मी नाही म्हटलं होतं, पण मिशोबाई म्हणतात, उत्तर यायच्या आत तसं करता येतं. शुक्रवारी शाळा सुटायच्या आत मिशोबाईंमार्फत कळवलं की अर्ज साध्या रांगेत जातो, मग वसंतात सगळ्यांची उत्तरं आल्यावर बघता येतं. कुणालाच शब्द नाही, थॉर्नबीला नाही, बर्च हिलला नाही. आई म्हणते, हातची संधी सोडतेस. सोडते. मिशोबाई म्हणतात, आगाऊ अर्जवाल्यांना जागा लवकर मिळते. मिळू दे. तू म्हणशील की तू नाही का गेलीस, तुझं काय वाईट झालं. काहीच वाईट झालं नाही. तू नाताळात येतेस, महागडं चीज आणतेस, आम्ही पाहुण्यांच्या बशा काढतो. तेच तर. बाबांनी तुझ्यासाठी पाहुण्यांची बशी काढली की मला तुझ्याकडे बघवत नाही, आणि तुला ते दिसतं की नाही हे मला आजवर कळलेलं नाही. मला त्या बशीत जेवायचं नाही. मी जाईन तर परत यायची वाट उघडी ठेवून जाईन, नाहीतर इथेच बसून समुद्र उचलीन. हे माझं उत्तर. वाटलं तर मांजरालाही वाचून दाखव.

थंडी वाढतेय, गुडघ्याला लोकरीची पट्टी बांध. आजोबांचा तुला आशीर्वाद, आणि ते विचारतात की तिकडे अजून सगळे उलटेच चालतात का.

तुझी, कुणाच्याही धाकात नसलेली,
जोसेट

ता. क. (बुधवार) एक काम होतं, ज्यासाठी खरं तर पत्र लिहायला घेतलं आणि लिहिता लिहिता तुझ्यावरच घसरले. बाबांना तू फोन कर. ते जगात फक्त थोरल्या बहिणीचं ऐकतात. त्यांना सांग की खालचं शेत वेलेटला देऊ नका. मी सांगितलं म्हणून सांगू नकोस, तुलाच सुचलं असं सांग. वेलेटच्या सऱ्या आठव, म्हणजे पोटातून बोलता येईल.

ता. क. २ (गुरुवार) फोन करू नकोस. आज कोठारात बियाण्याच्या गोण्या रचताना मीच विचारलं. म्हटलं, किती वर्षांसाठी दिलंत? बाबा म्हणाले, "वेलेट दहा वर्षं मागत होता. मी एक म्हटलं." मी म्हटलं, एकच का? ते गोणी खांद्यावरून उतरवत म्हणाले, "दर वसंतात तुला विचारीन. तू काय म्हणशील ते आत्ता मला कसं ठाऊक असणार." आणि वर म्हणाले, "तुझी आत्या गेली तेव्हा आजोबांनी तिला एकदाच विचारलं होतं, परत येऊन शेत करशील का. तिनं नाही म्हटलं, मग कुणी पुन्हा विचारलंच नाही." मला हे माहीत नव्हतं. तुला माहीत आहे का की ते बाबांच्या लक्षात आहे?

ता. क. ३ (शुक्रवार, शाळा सुटल्यावर) मिशोबाईंनी शब्द मागे घेण्याचा मजकूर तयार ठेवला होता, नुसतं माझं 'पाठवा' म्हणायचं बाकी होतं. मी त्यांच्यासमोर बसून राहिले. त्यांनी खिडकीतल्या झाडांना पाणी घातलं, पेन्सिलींना टोकं केली, शेवटी कोट घालून दिवा मालवला. मी 'पाठवा' म्हटलं नाही. म्हणजे थॉर्नबीला दिलेला शब्द तसाच आहे, उत्तर डिसेंबरात. याला मन बदललं म्हणू नये. मी निर्णय बदलला होता, तो बदल रद्द केला, म्हणजे मी पहिल्यापासून होते तिथेच आहे, आणि जे मला चंचल म्हणत होते त्यांनी माफी मागावी. वर लिहिलेलं एक अक्षर मी खोडणार नाही.

फक्त आईला तू एवढ्यात सांगू नकोस. मी शब्द मागे घेणार हे कळल्यापासून तिनं बर्च हिलच्या रंगाची लोकर आणून स्वेटर निम्मा विणलाय, आणि तो मी थॉर्नबीतच घालणार आहे. आणि आत्या, या खेपेला नाताळात आलीस की आजोबांसमोर बस. त्यांनी तुला काही विचारलं, तर लगेच उत्तर देऊ नकोस, थोडा विचार कर. मला सांगशील तितक्या वेळा तुझ्या बाजूनं साक्ष देईन की त्याला चंचलपणा म्हणत नाहीत.